कागद खरा, कुत्रं दुसरंच : जातिवंत पिल्लू घेताना आणि वेत काढताना फसवणूक कशी टाळायची

हाळी-हंडरगुळीच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी तोंड उघडून दात बघितल्याशिवाय भावाचं बोलत नाही. बैल चालवून बघतो, खोड विचारतो, मालक कुठल्या गावचा ते काढतो आणि पावती फाडल्यावरच दावं हातात घेतो. त्याच घरातला शिकलेला मुलगा लॅब्राडॉर घेताना मात्र मोबाईलवर चार फोटो बघतो, 'केसीआय पेपर आहेत' (म्हणजे जातीच्या नोंदीचे कागद) एवढं ऐकतो आणि ॲडव्हान्स टाकून मोकळा होतो. दात बघायचे राहतात, आई बघायची राहते, आणि कागद 'महिनाभरात कुरिअरने' येणार असतो. तो बऱ्याचदा येतच नाही. आला तर कधीकधी दुसऱ्याच कुत्र्याचा असतो.

या धंद्यातली मेख इथेच आहे. खोटा कागद म्हणजे घरच्या प्रिंटरवर छापलेला, असं आपण धरून चालतो. पण प्रमाणपत्र अस्सल, नंबर अस्सल, फक्त कागदावरचं कुत्रं आणि तुमच्या मांडीवरचं कुत्रं एक नाही, हा प्रकार जास्त चिवट आहे. मेलेल्या पिल्लाचे कागद जिवंत पिल्लाला लावतात. पाच पिल्लं झालेली असताना आठ दाखवून तीन कागद जादा काढून ठेवतात. नोंद असलेल्या कुत्रीच्या नावावर दुसऱ्याच कुत्रीची पिल्लं खपवतात. म्हणून नुसता कागद निरखून भागत नाही, कागद आणि कुत्रं यांची गाठ तपासावी लागते.

आधी कागदाचा प्रवास समजून घ्या

आपल्याकडे सरसकट ज्याला 'पेपर' म्हणतात ते केनेल क्लब ऑफ इंडियाचं, म्हणजे केसीआयचं, नोंदणी प्रमाणपत्र. क्लबचं मुख्य कार्यालय चेन्नईत आहे. ही सरकारी कचेरी नव्हे, कुत्र्यांच्या वंशावळीची नोंद ठेवणारी संस्था आहे. प्रमाणपत्रावर कुत्र्याचं नाव, नोंदणी क्रमांक, जात, नर की मादी, जन्मतारीख, रंग, मायक्रोचिपचा नंबर, ब्रीडरचं आणि मालकाचं नाव आणि मागच्या पिढ्यांची वंशावळ असते.

नोंदीचा क्रम ठरलेला आहे. वेताच्या नोंदणीसाठी आई आणि बाप दोघंही नोंदलेले हवेत. कुत्री व्यायली की ब्रीडर त्या वेताची नोंद करतो, पिल्लांना चिप बसते, प्रमाणपत्रं निघतात आणि विक्रीनंतर मालकी नव्या माणसाच्या नावावर चढवली जाते. त्यासाठी आधीच्या मालकाची सही लागते.

हा क्रम डोक्यात पक्का असला की निम्म्या थापा जागीच कळतात. 'पिल्लाचे पेपर यायचेत' हे खरं असू शकतं, कारण नोंदणीला वेळ लागतो. 'आईबापाचे पेपर यायचेत' हे खरं असूच शकत नाही. ते पिल्लं जन्मायच्या आधीपासून हातात असायला हवेत, म्हणजे आजच्या आज दाखवता आले पाहिजेत. ते न दाखवणाऱ्याकडून त्या पिल्लाचे खरे कागद येतील अशी आशा धरू नका, मग तो कितीही गोड बोलू दे.

तसंच 'पेपरसहित अमुक, विदाउट पेपर त्याच्या निम्म्यात' हा भाव. एकाच वेतातली पिल्लं, मग अर्ध्यांना कागद आणि अर्ध्यांना नाही असं कसं? नोंदणीचा आणि चिपचा खर्च या फरकाच्या मानाने किरकोळ असतो. कागदाशिवाय विकलेल्या पिल्लाचा कागद मागे उरतो, आणि तो कुणाला तरी लावला जाणार हे ओघानंच आलं. असा भाव सांगणाऱ्याकडे मी पेपरवालं पिल्लूही घेणार नाही.

केसीआयशी मिळतीजुळती नावं लावून सोनेरी किनारीची प्रमाणपत्रं देणारेही आहेत. प्रत्येक दुसरी संस्था लबाड असते असं नाही, पण विक्रेत्याला एकच विचारा: 'हा कागद घेऊन केसीआयच्या शोमध्ये या कुत्र्याची एन्ट्री होईल का?' उत्तर घुटमळलं की समजायचं. 'इम्पोर्ट लाइन' म्हणून भाव चढवत असतील तर बाहेरून आलेल्या कुत्र्याची एक्सपोर्ट पेडिग्री मागा. त्या देशाच्या केनेल क्लबने दिलेला तो कागद असतो, आणि त्याशिवाय 'इम्पोर्ट' हा नुसता शब्द.

फोनवरच चाळणी लावा

प्रवासाचा खर्च करण्याआधी फोनवर बरंच कळतं. आई तुमच्याकडेच आहे का? कितवं वेत? याआधीचं वेत कधी झालं? पिल्लं किती झाली, किती जगली? प्राणी कल्याण मंडळाकडचा नोंदणी क्रमांक काय?

शेवटचा प्रश्न ऐकून बरेच जण चपापतात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंद करायची असते. 'मी फक्त मधला माणूस आहे' म्हणणारे दलाल आणि व्यापारीही त्या नियमांतून सुटत नाहीत. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाई आहे. कुत्री १८ महिन्यांची झाल्याशिवाय तिच्यापासून वेत घ्यायचं नाही, वर्षात एकाहून जास्त वेत नाही, आयुष्यात पाचाहून जास्त नाहीत आणि आठ वर्षांनंतर नाहीच. हे आकडे पाठ असले की हिशेब मांडता येतो. एकाच कुत्रीच्या नावावर चार-सहा महिन्यांच्या अंतराने दोन वेतांची पिल्लं विकायला असतील, तर एकतर नियम मोडलेत किंवा त्यातलं एक वेत तिचं नाहीच.

'डबल बोन', 'पंच फेस', 'टीकप', 'पॉकेट पॉम' हे शब्द भाव चढवायचे आहेत. केसीआयच्या प्रमाणपत्रावर यातला एकही लिहिलेला सापडणार नाही. 'टीकप' म्हणून दाखवलेलं पिल्लू पुष्कळदा फक्त महिन्याचं असतं, म्हणून ते एवढंसं दिसतं.

घरी जाऊन बघायच्या गोष्टी

पिल्लू जिथे जन्मलं तिथेच जा. 'बायपासवर भेटू', 'बसस्टँडला घेऊन येतो' याला नाही म्हणा. आई बघायचीच. नुसती ओसरीला बांधलेली मोठी कुत्री म्हणजे आई नव्हे. दोन महिन्यांच्या पिल्लांच्या आईची सडं अजून उतरलेली दिसतात, आणि पिल्लं सोडली की ती तिच्या पोटाकडे धावतात. सडं चपटी, पिल्लं अनोळखी आणि कुत्री गुरगुरतेय, तर ती दाखवायला आणून बांधलीय.

मग दात. दुधाचे दात तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून यायला लागतात आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास २८ पूर्ण होतात. ३०-३५ दिवसांच्या पिल्लाच्या दाढा पूर्ण आलेल्या नसतात. ओठ बाजूला सारून मागे बोट फिरवलं की हिरडी हाताला लागते. उलट पुढचे पक्के दात फुटायला लागलेलं पिल्लू चार महिन्यांच्या आसपासचं असतं, मग जन्मतारीख काही का असेना. कागदावरच्या तारखेपासून आठवडे मोजा आणि तोंडाशी ताळा करा. देवणी गुरांतले वानेरा, शेवेरा, बालंक्या हे प्रकार लांबून ओळखणाऱ्या माणसाला हे अवघड नाही, फक्त कुत्र्याच्या बाबतीत आपण तोंड उघडायला लाजतो.

लॅब्राडॉर असेल तर रंगही पुरावा देतो. आई आणि बाप दोघंही पिवळे असतील तर सगळी पिल्लं पिवळीच होतात, काळं किंवा चॉकलेटी एकही होत नाही. दोघंही चॉकलेटी असतील तर काळं होत नाही. काळ्या जोडीला मात्र तिन्ही रंगांची पिल्लं होऊ शकतात. म्हणजे पिवळ्या जोडप्याच्या कागदावर काळं पिल्लू विकत असतील तर पुढे बोलायचीही गरज नाही.

लसीचं कार्ड बघताना नुसता शिक्का बघू नका. लस टोचल्यावर बाटलीवरचं लेबल काढून कार्डावर चिकटवतात. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते, शेजारी डॉक्टरांची सही आणि त्यांच्या नोंदणीचा क्रमांक हवा. पार्व्हो-डिस्टेंपरची पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, रेबीजची साधारण तीन महिन्यांना. ४५ दिवसांच्या पिल्लाच्या कार्डावर रेबीजचं लेबल असेल तर ते कार्ड दुसऱ्याचं आहे, किंवा तारीख खोटी आहे. डॉक्टरांना तिथूनच फोन लावा. खरा विक्रेता रागावत नाही.

चिप: गाठ इथे बांधलेली असते

मायक्रोचिप म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी काचेची नळी. दोन्ही खांद्यांच्या मधे कातडीखाली टोचतात. तिला बॅटरी नसते, ती जीपीएस नाही, कुत्रं हरवलं तर ठिकाण सांगत नाही. स्कॅनर जवळ नेला की फक्त १५ आकड्यांचा नंबर देते. पहिले तीन आकडे देशाचे किंवा चिप बनवणाऱ्या कंपनीचे असतात. भारताचा देश-क्रमांक ३५६, पण ९०० च्या पुढचे आकडे असले म्हणून चिप खोटी ठरत नाही.

फसवणूक चिपमध्ये क्वचितच असते, ती स्टिकरमध्ये असते. चिपच्या पाकिटासोबत बारकोडचे स्टिकर येतात. स्टिकर फाइलवर चिकटवला आणि चिप टोचलीच नाही, किंवा पुढच्या गिऱ्हाइकाच्या पिल्लासाठी ठेवून दिली, असं करणं अगदी सोपं आहे. स्टिकर बघून समाधान मानणारा माणूस त्यांना हवाच असतो.

लातुरातल्या एका दवाखान्यातला प्रसंग सांगतो. नवराबायको जर्मन शेफर्डचं पिल्लू घेऊन आले होते, फाइल प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली. डॉक्टरांनी स्कॅनर मानेमागून फिरवला, टिक वाजली. बाई स्टिकरवरचा नंबर वाचत होत्या, डॉक्टर पडद्यावरचा. पहिले अकरा आकडे जुळले, शेवटचे चार नाहीत. म्हणजे एकाच कंपनीची, पण दुसरी चिप. विक्रेत्याला फोन लागला तर तो म्हणाला, "ताई, छपाईत चुकलं आसंल तेवढं." डॉक्टरांनी फोन घेतला आणि म्हणाले, "मालक, छपाईत एखादा आकडा चुकतो. हितं तर चारी चुकल्यात." पलीकडून फोन बंद.

तेव्हा हे असं करा. पैसे पूर्ण देण्याआधी पिल्लू स्कॅन करून घ्या. विक्रेता तयार नसेल तर सौदा नको. सगळ्या दवाखान्यांत स्कॅनर नसतो, आधी फोन करून विचारा. उदगीर आणि परभणीला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तिथेही चौकशी करता येते. चिप कधीकधी जागची सरकते, म्हणून खांद्यांमध्ये टिक वाजली नाही तर मान, छाती आणि पुढच्या पायांपर्यंत स्कॅनर फिरवायला सांगा. टिक वाजली तरी तिथे थांबू नका, सगळं अंग बघू द्या. एका कुत्र्यात दोन चिपा निघाल्या तर कागदाशी जुळवायला दुसरी नंतर टोचली असल्याची शंका घ्या. नंबरासकट पिल्लाचा चेहरा एकाच फोटोत येईल असा फोटो काढा. मग आईलाही स्कॅन करायला लावा, तिचा नंबर तिच्या प्रमाणपत्राशी जुळवा. पिल्लाची चिप सगळे बघतात, आईची कुणी बघत नाही, आणि नोंदलेल्या कुत्रीच्या नावावर दुसरीचं वेत खपतं ते याच फटीतून. शंका उरलीच तर नोंदणी क्रमांक आणि चिप नंबर देऊन केसीआयकडे लेखी विचारणा करा.

पैसे आणि पावती

पिल्लू न बघता ॲडव्हान्स नाही. 'गाडीत बसवलं, आता पिंजऱ्याचे पाठवा', 'चेकपोस्टवर अडवलंय, सर्टिफिकेटचे पाठवा' ही साखळी एकदा सुरू झाली की पिल्लू मुळात नव्हतंच हे कळेपर्यंत पाच-सहा वेळा पैसे गेलेले असतात. कुत्र्याचा फोटो उचललेला असतो. 'आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी पिल्लाशेजारी धरून व्हिडिओ कॉल करा' म्हटलं की नेटवर्क जातं.

पावती साध्या कागदावर चालेल, पण त्यात दोघांची नावं-पत्ते, जात, नर की मादी, रंग, जन्मतारीख, चिप नंबर, आई-बापाचे नोंदणी क्रमांक, किंमत आणि 'मालकी बदलाचे सही केलेले कागद अमुक तारखेपर्यंत देईन, न दिल्यास इतकी रक्कम परत करीन' हे वाक्य हवं. थोडी रक्कम कागद हातात येईपर्यंत राखून ठेवा. पैसे पावतीवर ज्याचं नाव आहे त्याच्याच खात्यात जाऊ द्या, मेव्हण्याच्या नको.

कारवान आणि पशमीचं गणित वेगळं आहे

कारवान आणि पशमी ही देशी शिकारी कुत्री. लातूर-नांदेडच्या पट्ट्यात चांगली कारवान कुत्री वाड्या-तांड्यांवर, शेतावर पिढ्यान् पिढ्या सांभाळलेली आहेत आणि त्यांच्याकडे कागदाचा कपटाही नाही. कागद नाही म्हणून कुत्रं खोटं, असं इथे म्हणता येत नाही. माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत अश्व-श्वान-कुक्कुट प्रदर्शनात उभी राहणारी कुत्री बघितली की हे पटतं. पण मागणी वाढली तशी लबाडीही आली. ३० ऑगस्ट २०२० ला पंतप्रधानांनी आकाशवाणीवरून देशी कुत्र्यांची नावं घेतली, त्यात मुधोळ हाउंड होता. मग जो तो मुधोळ विकायला लागला. मुधोळ आणि कारवान ही नावं मुळात एकमेकांत मिसळलेली. केसीआयच्या नोंदीत या जातीचं नाव कारवान हाउंड आहे.

एक थाप खास इथली: 'याची सरकारी नोंद आहे, कर्नालची.' कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्यूरोने राजापालयम, चिप्पीपराई आणि मुधोळ हाउंड यांची नोंद केलीय हे खरं. पण ती जातीची नोंद आहे, एकेका कुत्र्याची नव्हे. ब्यूरोचा क्रमांक दाखवून तुमच्या पिल्लाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

दुसरी लबाडी ग्रेहाउंडच्या क्रॉसची. पळायला तेज, दिसायला भारी, म्हणून 'अस्सल कारवान' म्हणून खपतो. मोठ्या कुत्र्यात फरक दिसतो. कारवानचे कान डोक्याला लागून लोंबतात, ग्रेहाउंडचे मागे दुमडलेले असतात. ग्रेहाउंडची मांडी आणि पाठ जास्त भरलेली. पशमीला कानांवर, शेपटीला आणि पायांच्या मागे केसांची झालर असते. पण ४० दिवसांच्या पिल्लात यातलं काही धड दिसत नाही, झालर तर नंतरच येते. तेव्हा पिल्लू बघून निर्णय घेऊच नका. आई बघा, बाप बघा, जमलं तर आधीच्या वेतातलं मोठं झालेलं कुत्रं बघा. ते गावात कुणाकडे तरी असतंच. 'मागच्या वेतातलं कुणाकडं दिलंय, बापू?' हा प्रश्न दहा कागदांच्या बरोबरीचा आहे. सीमेपलीकडे बागलकोट जिल्ह्यात मुधोळजवळ तिम्मापूरला बिदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. डोळा बसवायला तिथली कुत्री एकदा बघून यावीत.

'ससा धरतो, काळवीट धरतो' अशी बढाई मारणाऱ्यापासून लांब राहा. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली अशी शिकार गुन्हा आहे, आणि तिचा व्हिडिओ तुमच्या मोबाईलवर आला तर चौकशीत तुमचंही नाव येईल.

देशी कुत्री पाळणाऱ्यांनी स्वतःची वही ठेवावी. तारीख, कुत्री कुणाची, कुत्रा कुणाचा, गाव, पिल्लं किती, कुणाला दिली, प्रत्येकाचा फोटो. चिपही बसवून घ्या. चिपला केसीआयची नोंद लागत नाही. दोन-तीन पिढ्यांची अशी वही झाली की ती छापील वंशावळीपेक्षा भरवशाची.

तुमची स्वतःची कुत्री असेल तर

फसवणूक पिल्लू घेणाऱ्याचीच होते असं नाही. कुत्री नेली चॅम्पियन कुत्र्याकडे, लावला त्याचा भाऊ, असं घडतं. उलट बाजूनेही घडतं: मेटिंग करून नेलेली कुत्री घरी अंगणात मोकळी सुटली, गल्लीतल्या कुत्र्याने गाठली, आणि पिल्लं चॅम्पियनच्या नावावर गेली. माज साधारण तीन आठवडे असतो आणि एकाच वेतात दोन बापांची पिल्लं होऊ शकतात. म्हणून मेटिंग झाल्यावरही माज पूर्ण उतरेपर्यंत कुत्री कोंडूनच ठेवायची.

मेटिंगच्या आधी दोन्ही कुत्र्यांची चिप एकमेकांसमोर स्कॅन करा. स्कॅनपासून कुत्री अडकेपर्यंत व्हिडिओ न तोडता काढा. त्याच दिवशी कागदावर दोघांच्या सह्या घ्या, त्यात फी किती आणि पिल्लू द्यायचं असेल तर कोणतं, पहिल्या पसंतीचं की उरलेलं, हेही लिहा. भांडणं बहुतेक याच ओळीवरून होतात. गाभण काळ साधारण ६३ दिवस, ५८ ते ६८ मध्ये बसतो. त्याबाहेर व्यायली तर बापाबद्दल शंका घ्या. व्यायल्यावर २४ तासांच्या आत सगळी पिल्लं आईसोबत मोजत व्हिडिओ काढा आणि कुत्र्याच्या मालकाला पाठवा. पिल्लं वाढवून दाखवायला मग जागा उरत नाही, तुम्हालाही आणि त्यालाही. वाद उरलाच तर गालाच्या आतला बोळा किंवा रक्त घेऊन डीएनएवरून आईबाप ठरवता येतात. त्यासाठी आई, बाप आणि पिल्लू तिघांचे नमुने लागतात, आणि नमुना घेताना प्रत्येकाची चिप डॉक्टरांनी स्कॅन करून नंबर लिहायला हवा, नाहीतर निकालालाही अर्थ नाही.

फसलात तर

ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकतात. व्यवहार क्रमांक हाताशी ठेवा, चॅट डिलीट करू नका, समोरच्याने ब्लॉक करण्याआधी त्याच्या प्रोफाइलचे स्क्रीनशॉट घ्या. पिल्लू दिलं पण कागद खोटे निघाले, तर पोलिसांत भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, म्हणजे फसवणूक. कागदच बनावट असेल तर ३३६ आणि तो खरा म्हणून वापरल्याबद्दल ३४०. 'कुत्र्याचं काय एवढं' म्हणून ठाण्यात परत पाठवलं तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या. केसीआयलाही कळवा, म्हणजे त्या नोंदणी क्रमांकावर पुढची पिल्लं खपताना अडचण येईल.

पैसे परत हवे असतील तर ग्राहक आयोग. विक्रेता पुण्याचा असो की बंगळूरचा, २०१९ च्या कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, म्हणजे बीडच्या माणसाला बीडमध्येच. मुदत दोन वर्षांची, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. सोबत जोडायला पावती, बँकेचा उतारा, जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि डॉक्टरांनी लेटरहेडवर लिहून दिलेला चिप स्कॅनचा दाखला लागेल. हा दाखला पिल्लू घरी आणल्याच्या आठवड्यातच घेऊन ठेवा. सहा महिन्यांनी घेतलात तर समोरचा म्हणणार, 'चिप तुम्हीच बदलली.'